हरकत आहे

कागद पुढ्यात आला तेव्हा बाई मटार सोलत बसल्या होत्या. मुलाने दाण्यांचं पातेलं कोपराने बाजूला सारलं, कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीने काढलेल्या बारीक फुलीवर बोट टेकवलं.

"इथे सही कर. दहा मिनिटांत निघायचंय मला."

बाईंनी हात पुसले, चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. अगदी वरच्या ओळीपासून. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं बाईंनी दुसरं काही केलं नव्हतं. अर्जांचे नमुने, मतदारयाद्या, नोटिसा, परिपत्रकं, जे काही छापायला जाई ते आधी त्यांच्या टेबलावरून जाई. दीर्घाची ऱ्हस्व झालेली एक वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटली नाही, म्हणून तिथे त्यांना वेलांटीबाई म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि निरोपाच्या भाषणात तर व्यवस्थापकांनीच म्हटलं.

"लपवून बाळगावयाच्या पिस्तुलाचा परवाना," बाईंनी मोठ्याने वाचलं. "पान चौथे. कुटुंबातील सज्ञान व्यक्तींचे ना-हरकत पत्र." त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. "पहिली तीन पानं कुठायत?"

"ती दिली भरून. एवढंच राहिलंय."

"पिस्तूल घेतोयस?"

"परवाना घेतोय. पिस्तूल नंतर."

"गेले चार शनिवार साइटवर जातो म्हणून सांगत होतास, ते हेच का?"

"प्रशिक्षण होतं. चार दिवसांचं. पास झालो."

"डॉक्टरचा दाखला लागत असेल ना?"

"झाला तो पण."

"काय तपासलं त्याने?"

"डोळे, कान, रक्तदाब."

"आणि डोकं?"

"आई, सकाळी सकाळी सुरू करू नकोस."

बाईंनी उरलेला कागद वाचून काढला. दोन नावं होती. सुनेच्या नावापुढे सुनेची सही होती, निळ्या शाईची, नीट, ओळीवर बसलेली. खालच्या नावापुढे फुली होती. घरात तीनच माणसं, त्यांतला एक अर्जदार, दुसरीची सही झालेली. म्हणजे सगळ्यांत शेवटी बाईंना सांगण्यात येत होतं, आणि तेही सांगण्यात येत नव्हतंच, पातेलं सारून बोट दाखवण्यात येत होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मुलाला कारण नव्हतं असं नाही. लिफ्टची देखभाल-दुरुस्ती करणारी त्याची छोटी कंपनी होती, आठ मेकॅनिक हाताखाली. त्यातल्या एकाला त्याने काढून टाकलं होतं, कारण तो दारू पिऊन दवाखान्याच्या लिफ्टच्या माथ्यावर चढला होता. काढलं ते बरोबरच केलं. पण त्याच आठवड्यात कोणीतरी मुलाच्या गाडीची पुढची काच फोडली, आणि मग दोनदा फोन आला, 'घर कुठंय ते माहीत आहे' म्हणून. त्या दिवसापासून बाईसुद्धा दुपारी आतून दोन कड्या लावत. भीती त्यांनाही होती. ती त्या नाकारत नव्हत्या.

पण त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी, त्या मुलाशेजारी गाडीत बसलेल्या असताना, बाजाराच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याची गाडी त्याच्या गाडीला घासली. चिमूटभर रंग गेला असेल. मुलगा उतरला, मागे गेला, चाकाच्या नटांचा पाना घेऊन आला आणि त्या म्हाताऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर त्याने तो तीनदा हाणला. म्हातारा आत बसून होता, मांडीवर पावाचं पाकीट धरून. चौथ्यांदा पाना वर गेला तो बॉनेटच्या दिशेने नव्हता. बाईंनी मागून शर्ट धरला, शर्ट फाटला, आणि त्या फाटण्याच्या आवाजाने तो भानावर आला. घरी येईपर्यंत तो गाडी चालवत रडला. बाईंनी शर्ट शिवून टाकला आणि सुनेला काही सांगितलं नाही.

"पेन दे," बाई म्हणाल्या.

मुलाने सुटकेचा श्वास सोडून पेन दिलं.

छापील वाक्य होतं : 'अर्जदारास परवाना देण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' बाईंनी 'कोणतीही' आणि 'नाही' या दोन शब्दांवरून सरळ रेघ मारली, वर 'आहे' लिहिलं, आणि खाली सही केली.

"पूर्वीच्या नमुन्यात 'आहे' आणि 'नाही' दोन्ही छापायचे," त्या म्हणाल्या. "लागू नसेल ते खोडावे. मीच तपासलाय तो. आता 'आहे' काढून टाकलेलं दिसतंय, तेव्हा हाताने लिहावं लागलं."

मुलाने कागदाकडे पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर फुगली. बाईंना ती शीर त्याच्या बापापासून ओळखीची होती.

"तुला काही कळतं का? उद्या दारात येऊन तो माणूस..."

"पोलिसांत तक्रार दिलीयस ना?"

"तीन महिने झाले! एक कुत्रं फिरकलेलं नाही!"

"मग त्यांच्या बोकांडी बस. माझ्या घरात पिस्तूल नको."

त्याने कागद चुरगाळला, खिशात कोंबला आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. बाईंनी पातेलं पुढे ओढून घेतलं. दाणे सोलता सोलता त्यांच्या लक्षात आलं की त्या शेंगा पातेल्यात टाकतायत आणि दाणे टरफलांत.

चार दिवसांनी बाईंच्या फोनवर निरोप आला. 'परवाना शाखा. आपले ना-हरकत पत्र नोंदवण्यात आले आहे. धन्यवाद.'

बाईंनी तो दोनदा वाचला. मग चप्पल पायात सरकवली.

परवाना शाखा जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. लांब खोली, मध्ये काचेची भिंत, काचेला पाच खिडक्या, त्यांतल्या दोन उघड्या. भिंतीला टेकून लोखंडी बाकं. बाकांवर बसलेले सगळे पुरुष होते, आणि सगळ्यांच्या मांडीवर सारख्याच प्लॅस्टिकच्या फायली. बाईंचा नंबर पाऊण तासाने लागला. खिडकीमागच्या कारकुनाचा चेहरा गोल आणि दमलेला होता.

"परवाना हवाय?"

"परवाना द्यायचा नाहीये."

"म्हणजे?"

"माझ्या मुलाने अर्ज केलाय. माझी हरकत आहे."

कारकुनाने मुलाचं नाव विचारून संगणकात घातलं आणि पडद्याकडे पाहिलं. "तुमची तर हरकत नाहीये, आजी. हिरवी खूण आलीय."

"ती पुसा."

"पुसता येत नाही."

"मग हरकतीचा नमुना द्या."

"हरकतीचा नमुना नसतो. ना-हरकतीचा असतो."

"आणि ज्याची हरकत असेल त्याने काय करायचं?"

कारकून विचारात पडला. खरोखर पडला, हे बाईंना दिसलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसावा. "सही करायची नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी केलेली नाही."

आता त्याने मान वर केली. उठला, मागच्या कपाटातून फाईल काढली, चौथं पान उघडलं आणि काचेला टेकवून धरलं. नवा कागद, सुनेची पुन्हा तशीच नीट सही, आणि खाली बाईंचं नाव. अक्षर तिरकं काढून बाईंच्या अक्षरासारखं करायचा प्रयत्न केलेला होता. नावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होती.

बाईंनी चष्मा सारखा करून ते नाव पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांचा घोडा झाला, खोटी सही करायला निघाला, आणि आईचं नावसुद्धा धड लिहिता येऊ नये!

"ही माझी सही नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता.

कारकुनाने फाईल मिटली आणि काचेच्या भोकाशी तोंड आणून हळू बोलला, "आजी, जरा समजून घ्या. तुम्ही हे लेखी दिलंत की तो बनावट सहीचा मामला होतो. मग विषय आमच्या हातात राहत नाही, पोलिसांत जातो. मुलावर गुन्हा लागेल. करायचंय तुम्हाला तसं? त्यापेक्षा घरी जा, शांतपणे बोला त्याच्याशी. मुलं ऐकतात."

"तुमची ऐकतात?"

तो फाईल कपाटात ठेवायला वळला.

"तुमचे वरचे साहेब कुठे बसतात?"

वरचे साहेब म्हणजे एक अधिकारीणबाई निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर, सुनेपेक्षाही वयाने लहान, टेबलावर तीन रंगांच्या फायली आणि एक झाकलेला पाण्याचा पेला. अधिकारीणबाईंनी बसायला सांगितलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "अर्जदाराच्या जीवाला धोका असल्याचं कागदोपत्री सिद्ध झालंय. तक्रारीची प्रत जोडलेली आहे."

"ती तक्रार कधीची आहे?"

त्यांनी पान उलटलं. "तीन महिने दहा दिवस."

"आणि अर्ज?"

"तीन आठवडे."

"म्हणजे धमकी देणाऱ्या माणसाला एकदा बोलावून दम द्यायला तुम्हाला तीन महिन्यांत सवड झाली नाही, आणि माझ्या मुलाच्या कमरेला पिस्तूल लावायचं काम तीन आठवड्यांत उरकत आलं?"

"तक्रारींचा विभाग वेगळा आहे, आजी."

"मी तुमची आजी नाही. आणि विभाग तुमच्यासाठी वेगळे. मला एकच घर आहे."

अधिकारीणबाईंच्या गालाला रंग चढला. त्या जरा निराळ्या आवाजात म्हणाल्या, "लेखी द्या. दोन ओळी पुरतील. पण दिलंत की मला मागे घेता येणार नाही, तुम्हालाही नाही. सोमवारी समितीपुढे फाईल जातेय. तोपर्यंत ठरवा." त्या दिवशी गुरुवार होता.

बाई तिथून घरी गेल्या नाहीत. त्यांना सगळ्यांत जास्त राग आता सुनेचा आला होता. दोनदा सही! एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी खाली सासूच्या नावाची जागा रिकामी दिसत असताना.

सून एका चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करी. आतल्या अंधाऱ्या खोलीत एक उंच खुर्ची, समोर उजळलेला फलक, त्यावर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं. गिऱ्हाईक बाहेर पडलं तशी बाई आत शिरल्या आणि त्या उंच खुर्चीवरच बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"आई? काय झालं? तुम्ही इथे?"

"तू सही का केलीस?"

सुनेने दार लोटून घेतलं. काचा पुसायचं फडकं तिच्या हातात होतं, ते ती घडी घालत राहिली.

"केली. त्यांनी सांगितलं, केली."

"तो सांगेल त्यावर सही करतेस? शिकलेली बाई तू. उद्या म्हणेल विहिरीत उडी मार..."

"आई, पुरे." सून कधी सासूला मध्येच तोडत नसे. सात वर्षांत दोघींचं फारसं जमलंही नव्हतं आणि फारसं बिनसलंही नव्हतं; एका नळावर पाणी भरावं तशा दोघी त्या घरात राहत होत्या. "तुम्ही मला विचारताय? आमच्या खोलीच्या भिंतीवर ते कॅलेंडर कोणी लावलं?"

बाईंची नजर समोरच्या फलकावर गेली.

"तुम्ही लावलंत. भोक पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी कामावरून आले तर खिळा ठोकून, कॅलेंडर लावून, खालचा चुना झाडून मोकळ्या झाला होतात. मला वाटलं, आता विचारतील. आता विचारतील, भोक कसं पडलं. दोन वर्षं झाली."

"भिंतीवर मारला असेल हात, रागात. त्याचे वडीलही..."

"भिंतीवरच मारला. माझं डोकं भिंतीला टेकलेलं होतं." सुनेने स्वतःच्या कानापासून वीतभर अंतर हाताने दाखवलं. "इथे. त्यांना मला मारायचं नव्हतं, हे त्यांनी नंतर शंभरदा सांगितलं. मला पटलंही. पण तेव्हापासून ते कागद पुढे करतात आणि मी सही करते. कसला कागद आहे ते मी वाचतसुद्धा नाही. तुम्ही वाचता, कारण तुमच्याशी ते फक्त आवाज चढवतात."

बाहेरून मालकाने हाक मारली. सून 'आले' म्हणाली, पण हलली नाही.

"तुमचा राग मला दिसतोय, आई. पण तो आज आलाय तुम्हाला. मला दोन वर्षं झाली."

खुर्चीवरून उतरताना बाईंचा तोल गेला. सुनेने हात दिला. तो घेताना बाईंना कधी नव्हे ती लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग पुन्हा राग आला, पण या खेपेला तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. नवऱ्याने फेकलेल्या बशांचे तुकडे त्यांनी वीस वर्षं गोळा केले होते. मुलगा दारात उभा राहून बघत असे. त्याला त्या सांगत, "हातातून सटकली रे." शर्ट शिवला, तुकडे उचलले, खिळा ठोकला. सगळा जन्म तपासणी केली लोकांच्या कागदांची, आणि घरातली चूक दिसली की कागदच उलटा करून ठेवायचा!

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा बाई बाहेरच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. सून स्वयंपाकघराच्या दारात.

"मी आज परवाना शाखेत गेले होते," बाई म्हणाल्या. "माझ्या नावाची सही बघून आले."

मुलगा बूट काढता काढता थांबला. मग उरलेला बूट काढून त्याने कोपऱ्यात भिरकावला. "बरं मग?"

"सोमवारच्या आत तू स्वतः जा आणि अर्ज मागे घे. मी कुठे काही बोलणार नाही. नाही घेतलास तर मी लेखी देणार."

"काय देणार?"

"ही सही माझी नाही असं."

"एक सही केली तर एवढं काय आभाळ कोसळलं? लोक आईबापाच्या नावाने घरं विकतात. मी कोणासाठी करतोय हे? तुमच्यासाठीच ना? तो हरामखोर उद्या घरात घुसला तर तू काय करणार? शुद्धलेखन सुधारणार त्याचं?"

"तो घरात घुसेल की नाही मला माहीत नाही. तू रोज घुसतोस."

मग मुलाने समोरच्या लाकडी स्टुलाला लाथ घातली. स्टूल भिंतीवर जाऊन आदळलं, त्याचा एक पाय मोडून सोफ्याखाली गेला.

"जा! दे लेखी! बघू तरी, सख्ख्या पोराला पोलिसांत देतेस का ते!"

तो आत गेला. सून दारातून बाजूला झाली, त्याला पुरेल त्याहून जास्त जागा सोडून. तेवढी जागा बाईंनी आज पहिल्यांदा पाहिली.

स्टूल तिथेच पडून राहिलं. बाईंनी ते उचललं नाही. सुनेनेही नाही. शुक्रवारी मुलगा त्याला ओलांडून कामावर गेला, शनिवारी ओलांडून गेला, रविवारी दिवसभर घरात राहून त्याने ते चारपाच वेळा ओलांडलं. बाई वाट बघत होत्या. तो एकदा जरी वाकला असता तर त्यांनी आणखी एक दिवस थांबून पाहिलं असतं, हे त्यांनी नंतर सुनेपाशी कबूल केलं. पण तो वाकला नाही.

सोमवारी शाखा उघडायच्या आधीच बाई पायरीवर उभ्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने त्यांना पाहिलं आणि वर जायची खूण केली. अधिकारीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. बाईंनी लिहिलं : 'चौथ्या पानावरील सही माझी नाही. मुलास पिस्तुलाचा परवाना देण्यास माझी हरकत आहे. त्याला राग आवरत नाही. हे मी त्याची आई म्हणून जाणते आणि आजवर लपवत आले.' खाली सही केली. नावातली वेलांटी दीर्घ काढली.

"शेवटचं वाक्य आवश्यक नाही," अधिकारीणबाई म्हणाल्या. "राहू द्यायचंय?"

"राहू द्या."

"मुलाला सांगितलंय?"

"तोंडावर सांगितलंय. आणि तुम्हालाही सांगते. हा कागद जितक्या लवकर फिरेल तितक्याच लवकर ती तक्रारही फिरवा. नाहीतर मी रोज येऊन त्या बाकावर बसेन. मला दुसरं काही काम नाही. मी सेवानिवृत्त आहे."

अधिकारीणबाईंनी शिक्का मारला. मग फोन उचलला, आणि बाईंच्या देखतच खाली कोणाला तरी त्या तक्रारीचा नंबर वाचून दाखवला. आवाज बराच कडक होता. बाईंसमोर मान खाली गेल्याचा राग त्या तिकडे काढत असाव्यात. बाईंची त्याला काहीच हरकत नव्हती.

त्याच आठवड्यात जबाब घ्यायला घरी पोलीस आला. मिशा पांढऱ्या झालेला, सावकाश लिहिणारा माणूस. बाईंचं झाल्यावर त्याने सुनेला विचारलं, "वहिनी, तुमची सही तुमचीच ना?"

"माझीच आहे. पण मला ती परत घ्यायचीय."

"सही काही परत घेता येत नाही."

"मग असं लिहा, की भीतीने केली होती."

पोलिसाचं पेन थांबलं. "कोणाच्या भीतीने? त्या मेकॅनिकच्या?"

"नाही," सून म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. कॅलेंडर काढून दाखवलं. पोलिसाने भोकात दोन बोटं घालून पाहिलं, बाहेर काढून पँटला पुसली, आणि मग बराच वेळ लिहीत राहिला. बाई शेजारी उभ्या होत्या. एकदा त्यांच्या तोंडून 'तसा तो मनाने...' एवढं निघालं, पण पुढचं त्यांनी गिळलं.

मुलगा तोपर्यंत कंपनीच्या गोदामात राहायला गेला होता. जाताना बाईंना काय काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. नातेवाइकांत बातमी फिरली. बाईंच्या धाकट्या बहिणीने फोन करून, "अगं, पोटच्या पोराशी असं वागतात का कोणी?" असं विचारलं, आणि बाईंनी तिला इतकं झाडलं की ती तीन महिने बोलली नाही. शेजारपाजारचे जिन्यात भेटले की एकदम हवापाण्याविषयी बोलायला लागत.

अर्ज नामंजूर झाला. खोट्या सहीचं प्रकरण लेखी ताकीद आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करायला बंदी, यावर मिटलं. तो मेकॅनिक चौकीवर हजर झाला, त्याने पुन्हा त्रास देणार नाही असं लिहून दिलं. काच त्याने फोडल्याचं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्याला दुसरीकडे काम लागलं होतं. फोन मात्र त्यानंतर आला नाही. बाई तरीही दुपारी दोन्ही कड्या लावत राहिल्या.

घर सोडल्याच्या चौथ्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलगा आला. आधी निरोप पाठवून आला, हे नवीन होतं. त्याला उन्हाळ्याचे कपडे आणि मोजमापाच्या हत्यारांची पेटी हवी होती. सुनेने कपड्यांची बॅग आधीच भरून बाहेर ठेवली होती, आणि ती स्वतः आत होती. तिने कळवून ठेवलं होतं : जोवर तो कोणा जाणकाराकडे जाऊन रागावर इलाज करून घेत नाही, तोवर घरी परतायचा विषय काढायचा नाही. त्याने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

तो वाळला होता. दाढी वाढली होती. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर त्याला जवळ घेतलं असतं, आणि ते त्यांना आत्ता करायचं नव्हतं.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"नाही. तुझं?"

त्याने पेटी उचलली. उचलताना तिचं झाकण उघडलं, आतले दोन गेज खाली पडले. मानेवरची शीर फुगली. बाई बघत राहिल्या. तो खाली बसला, गेज उचलून खणात ठेवले, झाकण लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं. त्याला वेळ लागला.

"तीन वर्षांनी मी परत अर्ज करणार," उभा राहत तो म्हणाला.

"कर. मी तोवर मरत नाही."

त्याने आईकडे पाहिलं. डोळ्यांत अजून जाळ होता. बाईंच्याही होता. मग तो बॅग खांद्याला अडकवून निघाला. दार त्याने आपटलंच.

सून बाहेर आली. "काय म्हणाले?"

"चिडलाय."

"आणि तुम्ही?"

"मी काय थंड झालेय असं वाटतं तुला?" बाई तिच्यावर खेकसल्या. मग म्हणाल्या, "चहा ठेव गं. नको, बस तू. मी ठेवते."